केवढ्याला पडली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं माझी सायकल बघून सगळेच विचारतात. सोसायटीचे वॉचमन काका, दाताचे डॉक्टर, गिरणारे गावात टोमॅटोचे कॅरेट भरणारी बाई, सिग्नलला शेजारी थांबलेला रिक्षावाला. एकदा तर नाकाबंदीतल्या हवालदाराने. मी घाबरून उतरले, म्हटलं माझं काय चुकलं, तर म्हणे, "मॅडम, केवढ्याला पडली ही?" किती वर्षं चालवता, कुठवर जाता, गुडघे दुखत नाहीत का, हे सगळं नंतर. आधी किंमत.

मी नाशिकमध्ये एका पतसंस्थेत हिशेबनीस आहे. वय बावन्न. दिवसभर लोकांचे आकडे जुळवते, ताळा लागल्याशिवाय खुर्ची सोडत नाही. पण या एका प्रश्नाला मी नऊ वर्षं सरळ उत्तर दिलेलं नाही. वॉचमन काकांना आठ हजार सांगितलेत. सासूबाईंना "ऑफरमध्ये मिळाली", म्हणजे आकडाच नाही. ऑफिसात पंधरा, कारण तिथे आठ कुणाला पटले नसते. डॉक्टरांना मात्र पंचावन्न. त्यांची स्वतःची दीड लाखाची आहे आणि मला त्या खुर्चीत तोंड उघडून पडल्या पडल्या गरीब दिसायचं नव्हतं.

हा दोष घराण्यातला असावा. माझं बालपण निफाडचं. बाबा शाळेत क्लार्क. त्यांची काळी बावीस इंची सायकल, मागे कॅरिअर, पुढे डायनॅमो. रविवारी सकाळी रॉकेलच्या फडक्याने तिची चेन पुसायचे तेव्हा त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. त्याच सायकलवर नवव्या वर्षी मी शिकले, नळीखालून पाय घालून, हाफ पायडल मारत, शाळेच्या मैदानात. ते गेल्यावर कपाट आवरताना पावती निघाली: 1978 साल, 385 रुपये. आई म्हणाली, "मला तर तीनशेच सांगितले होते." चाळीस वर्षांनी पंच्याऐंशी रुपयांची तफावत सापडली. त्या रात्री जेवताना ती दोनदा तरी ते बोलली.

माझी सायकल 2016 च्या दसऱ्याची. आदल्या वर्षी नाशिकचे डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन हे दोघे भाऊ अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, जवळजवळ 4800 किलोमीटरची रॅम शर्यत जोडीने पूर्ण करून आले होते. गावात तोच विषय. मला शर्यत वगैरे काही लावायची नव्हती. एवढंच डोक्यात आलं, की हे दोघे अमेरिका पार करून आले आणि मी कॉलेज रोडला कोथिंबीर आणायला स्कूटर काढते. दुकानात गेले, गिअरची हायब्रिड सायकल पाहिली, झेंडूचा हार घालून घरी आणली. तेव्हा जीएसटी नव्हता, व्हॅट होता. (सायकलवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला, हे मी भेटेल त्याला सांगते. स्वतःचा आकडा चुकवायला तो बरा पडतो.)

आता रविवारचं माझं ठरलेलं. पहाटे साडेपाचला निघते. एक रविवार गंगापूर, गोवर्धन, दुगाव करत गिरणारे, एक रविवार त्र्यंबक रोडने अंजनेरीपर्यंत. वर्षातून एकदोनदा थंडीत नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात, चापडगावच्या मनोऱ्यांवर. तिथली जांभळी पाणकोंबडी मला फ्लेमिंगोपेक्षा जास्त आवडते. फ्लेमिंगो बघायला लोक कॅमेऱ्याच्या तोफा घेऊन येतात आणि ही बिचारी पाणवनस्पतींत मोठे मोठे पाय टाकत सगळ्यांच्या समोर हिंडत असते, तिच्याकडे कुणी बघत नाही.

ग्रुपबरोबर जात नाही. गेले होते सहा महिने. एकसारखे जर्सी घातलेले चाळीस लोक, दर पाच किलोमीटरला फोटो, आणि घरी पोचायच्या आत कुणी किती वेगाने चढ मारला याचा निकाल मोबाइलवर. वाईट माणसं नव्हती. पण आठवडाभर टार्गेट ऐकते मी, रविवारी पुन्हा कशाला? कानात काही घालत नाही. मागून काय येतंय ते ऐकू यायला हवं. आणि ऐकून ऐकून हॉर्नवरून माणूस ओळखता येतो. एसटीचे ड्रायव्हर लांबूनच एक छोटा हॉर्न देतात आणि गाडी चांगली हातभर बाजूला घेऊन जातात. शनिवार-रविवारी द्राक्षबागांकडे निघालेल्या मोठ्या गाड्या अगदी कानाशी येऊन हॉर्न दाबून धरतात, जशी काही मी त्यांच्या दिवाणखान्यात उभी आहे. वजन विचाराल तर नऊ वर्षांत दोन किलो उतरलं. कारण पुढे येईलच.

तर खोटं बोलणं पकडलं गेलं ते गेल्या वर्षी, श्रावणात. दुगावच्या पुढे मागचं चाक बसलं. पंक्चरचं सामान माझ्याजवळ असतं, पण सोल्युशनची ट्यूब उघडली तर आत वाळून खडा झालेला. ढकलत पुढच्या गावापर्यंत गेले. ताडपत्रीखाली एक काका बसले होते, साठीच्या पुढचे, समोर घमेलं आणि पायाने मारायचा पंप. त्यांनी चाक काढलं, दोन चपट्या सळयांनी टायर उचकटून ट्यूब बाहेर ओढली आणि व्हॉल्व्ह बघून थांबले. माझ्या सायकलचा व्हॉल्व्ह बारीक, लांबुडका, त्याला गावातला पंप बसत नाही. "हे काय, इंजेक्शन बसवलंय का?" मी पिशवीतून पितळी टोपी काढून दिली. ती त्यांनी उलटसुलट करून बघितली, बसवली, हवा भरली.

घमेल्यात ट्यूब फिरवताना एका जागी बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. तिथे काडी टेकवून खूण केली, पुसलं, कानशीने घासलं, बोटाने सोल्युशन पसरलं. मी आपली मदत म्हणून त्यावर फुंकर मारायला वाकले तर म्हणाले, "ऊं हूं. फुंकरीत ओल असते." मग ते काहीच न करता बसून राहिले, दोन मिनिटं तरी. बोट लावून पाहिलं, चिकटत नाही म्हटल्यावर ठिगळ दाबलं, हातोडीने हलकं ठोकलं. एवढं झाल्यावरही ट्यूब आत घातली नाही. टायरच्या आतून अंगठा फिरवत गेले, सावकाश, पूर्ण चक्कर. अर्ध्या वाटेत थांबले आणि नखाएवढा बाभळीचा काटा काढून माझ्या तळहातावर ठेवला. घाईत मी स्वतः पंक्चर काढते तेव्हा हेच विसरते आणि दोन किलोमीटरवर परत बसते.

चाक चढवून त्यांनी हाताने एक गरका दिला आणि कान जवळ नेऊन ऐकलं.

"केवढ्याला पडली?"

"बारा हजार."

चाक फिरतच होतं. ते थांबेपर्यंत काका गप्प. मग म्हणाले, "बारा हजारांत असं नाही फिरत, ताई."

रागावले नव्हते. पंक्चरचे चाळीस झाले. मी पन्नास दिले आणि राहू द्या म्हटलं, तर दहाची नोट त्यांनी सीटवर ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

परतीच्या वाटेवर गोवर्धन लागतं. आज ते शहराला चिकटलेलं छोटं गाव आहे, पण हे नाव पांडवलेण्यात, म्हणजे नाशिकच्या जुन्या बौद्ध लेण्यांत, कोरलेलं आहे. दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा, आणि तो मी वाचला तेव्हा मला आमच्या ऑफिसातलं ठेवीचं रजिस्टरच आठवलं. या उषवदाताने लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी 3000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमचे ठेवले, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे. पैकी 2000 दरमहा शेकडा एक व्याजाने, 1000 दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. दोन हजारांचं व्याज वीस भिक्षूंच्या चीवरांसाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, प्रत्येकाला बारा. मी तिथल्या तिथे तोंडी हिशोब केला: दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला 240. वीस माणसं गुणिले बारा, 240. ताळा चोख. अंगावर काटा आला माझ्या. नवऱ्याने विचारलं, "थंडी वाजतेय का?"

आणि हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, जाहीर वाचून, नोंदवून झालेलं. आकडा असा चारचौघांत सांगितला, वर दगडात कोरला, आणि मला एका पंक्चरवाल्याला सांगता येईना. अर्थात पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने याच नहपानाची चांदीची नाणी गोळा करून त्यांवर आपला ठसा मारला. 1906 साली सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला तेरा हजारांवर नाणी सापडली, त्यांतली बहुतेक अशी दुहेरी ठशांची. तेव्हा नाणं तेच ठेवून वरचा ठसा बदलायची पद्धत आमच्या भागात जुनी आहे, असं म्हणायला मला जागा आहे.

पण मी लपवते ते नेमकं कशासाठी, याचा विचार त्या दिवसानंतर केला. घरी हिशोबाची वही काढली. (किलोमीटर मी मोबाइलवर नाही, वहीतच लिहिते.) सायकल 38,500. हा खरा आकडा, घ्या. त्यावर दोन हेल्मेटं 5,000, कारण पहिलं एका खड्ड्यात माझ्याऐवजी फुटलं. पंप आणि पाने 1,500, लाइट 1,800, टायरच्या दोन जोड्या 6,400, ट्यूबा आणि पंक्चरी 2,300, तीन चेन आणि एक कॅसेट (मागच्या चाकावरच्या गिअरच्या चकत्या) 5,200, सर्व्हिसिंग 7,300, आणि गादीच्या तीन पँट 4,500. एकूण 72,500. नऊ वर्षांत झाले 29,000 किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला अडीच रुपये. वाईट नाही. मग रविवारच्या मिसळीचा रकाना उघडला. वर्षाला चाळीस मिसळी, पापड-दही-चहा धरून सरासरी शंभर रुपये, नऊ वर्षांचे 36,000. सायकलीइतकीच मिसळ खाल्ली आहे मी. तो रकाना पुन्हा झाकून ठेवला. तसं माझं मत असं, की मिसळ चढाच्या आधी खाऊ नये आणि उताराच्या आधी टाळू नये.

तर आकडा लाजण्यासारखा नव्हता. लाज वाटायची ती वेगळ्याच ठिकाणी. त्र्यंबक रोडला सकाळी सव्वासहाला जा, सातपूरच्या आसपास. पहिल्या पाळीला निघालेले लोक दिसतील. काळ्या सायकली, काहींना मडगार्डच्या जागी नुसता पत्रा, हँडलला डब्याची पिशवी, हेल्मेट नाही. आम्ही हौशी लोक त्यांना ओलांडून जातो तेव्हा आमच्या दोन हजारांच्या लाइटचा झोत त्यांच्या पाठीवर पडतो. ते रोज चालवतात, उन्हात, पावसात, दुपारच्या तीनला परत. त्यांना सायकलपटू कुणी म्हणत नाही. वर्तमानपत्रात फोटो येतो तो आमचा. मी वर्षानुवर्षं किंमत कमी सांगत आले, ती खरं तर या लोकांना डोळ्यांपुढे धरून.

गेल्या महिन्यात सातपूरच्या सिग्नलला लाल दिवा लागला. शेजारी एक जण येऊन थांबला, चाळिशीचा, कंपनीचा निळा शर्ट, मफलर. एक पाय जमिनीवर टेकवून माझ्या सायकलकडे पुढून मागे बघत गेला. आता येणार, म्हटलं.

"ताई, केवढ्याला?"

"साडेअडतीस हजार." म्हणून टाकलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. आणि तो काय म्हणतो याची वाट बघत राहिले, हँडल घट्ट धरून.

तो वाकला. मागच्या चाकाजवळ, पायडलखाली काहीतरी शोधत होता.

"आणि स्टँड?"

"स्टँड नसतो हिला."

"साडेअडतीस हजारांत स्टँडपण नाही?" त्याने मान हलवली. "मग टेकवता कशाला?"

"भिंतीला."

"कॅरिअर?"

"नाही."

"घंटी?"

ती होती. मी वाजवून दाखवली. त्याला जरा बरं वाटलेलं दिसलं. हिरवा लागला, तो डब्याची पिशवी सावरत कंपनीकडे वळला आणि वळता वळता ओरडला, "फसवलं ओ तुम्हाला!"

सोमवारी ऑफिस सुटल्यावर स्टँड बसवून घेतला. अडीचशे रुपये. वहीत चढवलाय, एकूण 72,750.