तारेवरचं नाव

जुलै 2023. ओडिशातल्या बहानगा बाजार रेल्वे अपघात प्रकरणात सीबीआयने तिघांना अटक केली, ही बातमी आली तेव्हा आम्ही रेल्वेच्या सिग्नलची माणसं डेपोतून सामान काढत होतो. एक सीनियर सेक्शन इंजिनिअर, एक सेक्शन इंजिनिअर, एक टेक्निशियन. म्हणजे हुद्द्याने आम्हीच: मी, माझा जोडीदार आणि मामा. (वयाने मोठे म्हणून आमच्या टेक्निशियनला सगळे मामाच म्हणतात.) कोणी काही बोललं नाही.

त्या दिवशी आमचं काम होतं फाटकाला नवा इलेक्ट्रिक बॅरिअर जोडायचं. बहानगालाही 94 नंबरच्या फाटकावर हेच काम झालं होतं. 2 जूनला तिथे मेन लाइनचा सिग्नल हिरवा होता, स्टेशनातल्या पॅनलवर पॉइंट (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा) नॉर्मल, म्हणजे मेन लाइनला, दिसत होता आणि जमिनीवर तो लूपला, म्हणजे बाजूच्या लाइनला, लागलेला होता. कोरोमंडल एक्सप्रेस लूपवर उभ्या मालगाडीवर आदळली, 290हून जास्त माणसं गेली. सुरुवातीला लोको पायलटकडे बोट दाखवून झालं, घातपाताच्या अफवा झाल्या. मंत्र्यांनी राजीनामा द्यावा का, यावर टीव्हीवर भांडणं झाली. 1956मध्ये अरियलूरच्या रेल्वे अपघातानंतर शास्त्रीजींनी दिला होता, हे सगळ्यांना एकदम आठवलं. आम्हाला आठवत होती फक्त गुमटी, फाटकाजवळची ती खोली, जिथे सिग्नलच्या तारा जोडलेल्या असतात.

डिस्कनेक्शन मेमो, म्हणजे यंत्रणा कामासाठी तोडल्याची लेखी सूचना, देऊन काम सुरू केलं. तारा जोडताना मामा थांबले. "साहेब, टर्मिनलवर एक नाव आहे, वायरिंगच्या नकाशात दुसरंच."

तार कुठून येते ते शोधायचं, तर पावसात पुढच्या लोकेशन बॉक्सपर्यंत, रुळाकडेच्या तारांच्या पेटीपर्यंत, जाणं आलं. गाड्या चालवणाऱ्या कंट्रोलचा फोन सुरूच होता: मागे गाडी उभी आहे, रिकनेक्शन द्या, यंत्रणा परत जोडल्याची सही करा. "सही करू का?" मामांनी विचारलं. विचारण्यातच नकार होता. मी कंट्रोलला सांगितलं, पॉइंट दोन्ही बाजूंना फिरवून, जमिनीवर आणि पॅनलवर ताडून पाहिल्याशिवाय मेमो परत देणार नाही. गाडी बराच वेळ थांबली.

अटक झालेल्या तिघांनी काय केलं, ते न्यायालय ठरवेल. पण अपघाताची चौकशी करणाऱ्या रेल्वे सेफ्टी कमिशनरच्या अहवालात बहानगाच्या गुमटीतला जुना, सदोष बदलही आहे आणि चुकीची नावंही. मे 2022मध्ये त्याच खरगपूर विभागात, बांकरानयाबाजला, चुकीच्या वायरिंगमुळे असाच प्रकार घडला होता. तेव्हाच उपाय झाले असते तर हा अपघात टळला असता, असं अहवाल म्हणतो. ते उपाय करणं एकट्या टेक्निशियनच्या हातातलं नव्हतं. त्याच्या हातात पक्कड असते, कामासाठी गाड्या थांबवून ब्लॉक किती वेळाचा मिळणार हे दुसरंच कोणी ठरवतं.

पुढे गाडी थांबवल्याबद्दल माझ्याकडे खुलासा मागितला गेला. मी टर्मिनलचा फोटो जोडला आणि उलट विचारलं, हे वायरिंग कोणी, कधी केलं, तपासलं कोणी? त्यावर उत्तर आलं नाही. नकाशा मात्र दुरुस्त होऊन आला, वर कुठलंही पत्र नाही.