डरहॅमची तंबाखू: आधी कोठार, मग चिमणी

नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमला गेलेले बहुतेक जण थेट अमेरिकन टोबॅको कॅम्पस गाठतात. ‘लकी स्ट्राइक’ हे सिगारेटचं नाव लिहिलेली कारखान्याची चिमणी, लाल विटांच्या इमारती, खाली खाण्याची ठिकाणं, वर ऑफिसं. कारखाना १९८७मध्ये बंद पडला, २००४मध्ये हे नवं रूप आलं. जागा देखणी आहे, पण धंदा तिथे कळत नाही.

तो कळतो गाडीने दहाएक मिनिटांवरच्या ड्यूक होमस्टेडला, म्हणजे ड्यूक कुटुंबाच्या जुन्या शेतावर. प्रवेश फुकट आहे. सोमवारी बंद असतं, बाकी वेळा आधी बघून निघा. १८६५मध्ये यादवी युद्ध संपलं आणि वॉशिंग्टन ड्यूक सव्वादोनशे किलोमीटर पायी चालत याच शेतावर परतला. घरच्यांनी तंबाखू कुटून, चाळून कापडी पिशव्यांत भरून विकायला सुरुवात केली.

घरापेक्षा जास्त वेळ लाकडी ओंडक्यांच्या कोठाराला द्या. आत वर पाहिलंत की आडव्या वाशांच्या रांगा दिसतील. पानं काठ्यांना बांधून तिथे टांगायची आणि खालून धुराड्यांची ऊब द्यायची. निपाणीची विडीची तंबाखू उन्हात वाळते, ही बंद कोठारात. म्हणून पान पिवळंजर्द आणि चवीला सौम्य. या पिवळ्या पानाची गोष्ट १८३९पासून सांगतात. कॅसवेल काउंटीत स्टीफन स्लेड हा गुलाम राखणीला होता. विझत आलेल्या आगीवर त्याने लोहारकामाचा कोळसा टाकला, उष्णता एकदम वाढली आणि पानाला हा रंग आला. पैसा मात्र मालकाच्या घरी गेला.

होमस्टेडहून परत कॅम्पसवर या, आता विटा बोलतात. सिगारेटी वळायला ड्यूकनी न्यूयॉर्कहून कारागीर आणले होते, बरेचसे ज्यू स्थलांतरित. १८८४मध्ये बॉन्सॅकचं यंत्र आलं, एका दिवसात लाखाच्या वर सिगारेटी काढणारं, आणि हातांची गरजच सरली. १८९०मध्ये वॉशिंग्टनचा मुलगा जेम्स याने पाच कंपन्या एकत्र करून अमेरिकन टोबॅको उभी केली. १९११मध्ये सुप्रीम कोर्टाने तिचे तुकडे केले. १९२४मध्ये जेम्सच्याच पैशांतून ट्रिनिटी कॉलेजचं ड्यूक विद्यापीठ झालं. आज तिथल्या इस्पितळात कॅन्सरवर उपचार होतात, यावर मी आणखी काय बोलू!

जवळच्या केरी किंवा मॉरिसव्हिल गावी मुलांकडे आलेल्या आईबाबांना न्यायचं तर मे ते सप्टेंबर दुपार टाळा, दमट उकाडा सोसत नाही. बस आहे, पण दोन्ही ठिकाणं जोडायला गाडीच बरी. कॅम्पसजवळ बेसबॉलचं मैदान आहे. सामना असेल त्या संध्याकाळी पार्किंग मिळणं कठीण.

वेळ उरला तर शॉपिंगऐवजी स्टॅगव्हिल या जुन्या मळ्यावर जा. तिथल्या मालकांकडे सुमारे नऊशे गुलाम होते आणि हॉर्टन ग्रोव्हमधली त्यांची घरं अजून उभी आहेत. ती मार्गदर्शकाबरोबरच पाहा, म्हणून फेरीची वेळ आधी विचारून घ्या.