सेल्फ नवा, बॅटरी नवी, तरी गाडी उठेना

गोव्यात 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत मासळी वाहणाऱ्या छोट्या पिकअप कुठेतरी माडाखाली नाहीतर शेडच्या कडेला पावसात भिजत पडलेल्या असतात. जुलै संपत आला की सगळ्या मालकांना एकदम घाई होते. आमचं गॅरेज म्हापशाला, त्यामुळे त्या आठवड्यात शिवोलीपासून बेतीपर्यंतच्या गाड्या आमच्या दारात.

त्या वर्षी 31 जुलैच्या दुपारी एक जुनी डिझेल पिकअप टोचन लावून आणली. मालक साठीचे, शापोऱ्याकडचे. रात्री मालीम जेटीवर ट्रॉलरसाठी बर्फ पोचवायचा होता. उतरल्या उतरल्या म्हणाले, "भाऊ, काय वाटेल ते कर, पण आज ही उठली पाहिजे."

गाडीची हकिगत मोठी होती. मे महिन्यापासून सकाळी सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, कण्हत फिरायचा. एका ठिकाणी बॅटरी नवीन घालून दिली. फरक पडला नाही म्हणून दुसरीकडे सेल्फच बदलला. मग थंड डिझेल इंजिन तापवणारे हीटर प्लग. एवढा खर्च झाला आणि मध्येच ॲक्सिलरेटरची केबल जाम व्हायला लागली. तीही बदलली, तर नवीही थोड्याच दिवसांत अडकायला लागली. केबलचं ते त्यांनी जाता जाता सांगितलं, वेगळी कटकट म्हणून. मी मात्र तिथेच थांबलो. काढून पाहिली, तर वरचं प्लास्टिकचं आवरण आतून वितळून तारेला चिकटलेलं. ही केबल सायलेन्सरच्या जवळूनही जात नव्हती. मग ती तापली कशाने?

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या हिशेबाने ते चेसीपासून, गाडीच्या लोखंडी सांगाड्यापासून, तुटलेलं असतं. सेल्फ मारला की डिझेल इंजिन फिरवायला दीडशे-दोनशे अँपिअर, कधी त्याहूनही जास्त करंट लागतो. तो बॅटरीच्या प्लसमधून सेल्फला जातो आणि इंजिनवरून चेसीमार्गे मायनसला परततो. इंजिन आणि चेसी यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी असते, तिला आम्ही अर्थिंग म्हणतो. ती निकामी झाली तर करंट दुसरी वाट शोधतो. इंजिनपासून बॉडीपर्यंत जाणारी कोणतीही लोखंडी तार त्याला चालते: ॲक्सिलरेटरची केबल, स्पीडोमीटरची केबल, मिळेल ती. एवढ्याशा तारेतून एवढा करंट गेला की ती हीटरच्या तारेसारखी तापणारच.

संशय होता, पण संशयावर पार्ट बदलणं हेच तर या गाडीच्या बाबतीत आधी झालं होतं. म्हणून मीटर लावला. एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खांबाला, दुसरं इंजिनच्या घासून स्वच्छ केलेल्या धातूला, आणि गॅरेजमधल्या पोराला सेल्फ मारायला सांगितला. इथे अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा हवा. तो तीनच्या वर गेला. बॅटरीचे स्वतःचे व्होल्ट मात्र साडेअकराच्या खाली येईनात. सेल्फ इतका कण्हतोय आणि बॅटरीला भार जाणवतच नाही, याचा अर्थ करंट पुरता वाहतच नाहीये. बॅटरी खराब असती तर नेमकं उलटं झालं असतं, सेल्फ मारताच तिचे व्होल्ट कोसळले असते.

मग जंपरची एक जाड वायर मायनसपासून थेट इंजिनला लावली. गाडी अर्ध्या फेऱ्यात उठली. काकांनी दोन्ही हात जोडले. मला त्या क्षणी आनंद झाला हे खरंच, आणि त्यांचे वाया गेलेले पैसे आठवून वाईटही वाटलं. मीटर लावून पाहणं पाच मिनिटांचं काम आहे. ते मे महिन्यातच कुणीतरी करायला हवं होतं.

त्यांना तशीच वायर बांधून निघायचं होतं. पण पट्टी का गेली ते बघितल्याशिवाय मी गाडी सोडणार नव्हतो. मागून जॅक लावून लोखंडी घोड्यांवर घेतली आणि आत शिरलो. पट्टीचं चेसीकडचं टोक बोटाने ओढताच हातात आलं. तांब्याचा हिरवा भुगा झाला होता आणि बोल्टखाली गंजाचा थर फुगलेला. बरोबर वरती हौद्याच्या पत्र्याला पाणी जायचं भोक. मासळीच्या क्रेटमधलं वितळलेल्या बर्फाचं खारं पाणी कितीतरी वर्षं त्या भोकातून ठिबकून चेसीच्या खोबणीत साचत होतं. चिखल आणि मीठ एकत्र झालं की ते उन्हाळ्यातही पुरतं सुकत नाही.

त्याच खोबणीतून मागच्या चाकांकडे जाणारा ब्रेकचा पाईप गेला होता. वरून काळा रंग ठीक दिसत होता. क्लिप उचकटली तर खाली पाईप खरवडल्यासारखा पातळ झालेला. पोराला ब्रेक जोरात दाबून धरायला लावला, तर तिथे तेलाचे थेंब फुटायला लागले. पुढे पाट्याच्या हँगरजवळ, म्हणजे पाट्याची स्प्रिंग चेसीला जिथे अडकते तिथे, हातोडीने ठोकत गेलो. एका ठिकाणी टण्ण आवाज यायचा बंद झाला आणि पापुद्रे खाली पडले.

काकांना आत वाकून दाखवलं. ते गप्प झाले, मग चिडले. "सीझनची पहिली रात्र आहे रे. पाईप कापून मधे रबराचा तुकडा घाल, क्लिपा आवळ. सगळे करतात." करतात हे मलाही ठाऊक आहे. पण जोरात ब्रेक मारल्यावर त्या पाईपमध्ये हजार पीएसआयच्या आसपास दाब येतो, त्यापुढे टायरमधली हवा काहीच नाही. चोर्ला घाटाच्या वळणांवर पाठीमागे मासळीचे भरलेले क्रेट असताना ती क्लिप निसटली तर? ही गाडी बेळगावलाही जायची. मी सरळ सांगितलं, "काका, बर्फाचं भाडं मी दुसऱ्या गाडीला सांगतो. ही आज जाणार नाही." त्यांच्या मुलालाही फोन लावला. त्याने बापाला समजावलं, तेव्हा कुठे ते खाली बसले.

बर्फ रात्री शेजारच्या एका टेम्पोने गेला. ब्रेकचा पाईप आम्ही मास्टर सिलिंडरपासून मागच्या होजपर्यंत पूर्ण नवा टाकला, त्यातली हवा काढली, मागचे व्हील सिलिंडरही बदलले कारण त्यांच्या रबराखाली पाणी शिरलं होतं. अर्थिंगच्या दोन पट्ट्या घातल्या. एक जुन्या जागी, घासून, आवळून, वर ग्रीस देऊन. दुसरी बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनला. केबल नवी.

हँगरचं काम चतुर्थीनंतर झालं. सडलेला भाग कापून, आतून जाड पत्रा देऊन वेल्डिंग करवून घेतलं. तोवर गाडी फक्त मालीम ते म्हापसा बाजार, अर्ध्या भाराने चालवायची असं ठरलं होतं आणि काकांनी ते पाळलं. त्याच वेळी हौद्याच्या भोकांना रबरी नळ्या जोडल्या, चेसीच्या खाली टोक येईल एवढ्या लांब. रोज फेरी संपली की गोड्या पाण्याने खालून धुणं आता त्यांचा मुलगा करतो, आणि दर पावसाळ्याच्या तोंडावर गाडी माझ्याकडे चेसी ठोकून बघायला येते.