नेम

शनिवार, रात्री

मनू झोपली. मी दोनदा दिवा मालवला आणि दोनदा परत लावला. तसं झालंय काहीच नाही. दिवस छान गेला म्हणून सगळ्यांना कळवलं, फोटोही पाठवले. पण त्या माणसानं चाबूक माझ्यापुढे धरला आणि मी तोंड उघडायच्या आत मनू म्हणाली, "नेम, नेम." तेवढंच घशात अडकून बसलंय.

नेम म्हणजे इथे हंगेरीत 'नाही'. महिनाभर कानावर पडतोय हा शब्द. दुकानात, ट्राममध्ये, जिन्यावरच्या बाईंच्या फोनवर. आज पहिल्यांदा तो लागला.

खांदा आखडलाय हे मान्य. फेब्रुवारीत वेणीसुद्धा घालता येत नव्हती, तेही मान्य. पण विचारायचं तरी.

सकाळी लवकरच्या बसनं निघालो. शहर मागे पडलं आणि जमीन जी सपाट झाली ती झालीच. आपल्याकडे कितीही सपाट म्हटलं तरी नजरेला कुठेतरी दंडोबा लागतो. इथे काही म्हणजे काही नाही. बरोबरची वाटाड्या मुलगी म्हणाली, पुस्ता या शब्दाचा अर्थच ओसाड, उजाड. ओसाड मला नाही वाटलं. माळ वाटला. कापणी झालेली शेतं, मध्येच बाभळीसारखी झाडं, आणि एक विहीर. तिला आपल्या ओकतीसारखा लांब आडवा वासा होता, एका टोकाला बादली आणि दुसऱ्या टोकाला वजन. बस पुढे गेली तरी मी मान वळवून बघत होते. मनूनं विचारलं, "मान दुखेल ना आई?"

केच्केमेतला अर्धा तास थांबलो. संगीतकार कोदाय इथला, जन्म १८८२ चा. नगरपालिकेच्या इमारतीतल्या घंटांवर सूर वाजतात, ते ऐकायला सगळे मान वर करून उभे होते. गाव देखणं आहे. पण माझं लक्ष पुढे होतं.

बुगात्सला उतरल्यावर एकजण थाळा घेऊन उभा. छोट्या पेल्यांत जर्दाळूची पालिंका आणि शेजारी खारे, मऊ, बोटभर उंचीचे पोगाचा. पेला माझ्याकडे येतो न येतो तोच मनूनं "आईच्या गोळ्या चालू आहेत" असं काहीतरी सांगितलं. बरोबरच आहे ते. मी पोगाचा खाल्ला. चांगला होता, थोडा आपल्या खारीच्या चवीकडे जाणारा.

मग गाडीत बसवलं. घोड्यांची लांब लाकडी गाडी, समोरासमोर बाकं. आणि वास आला. घाम, चामडं, लीद, वाळलेलं गवत, सगळं एकदम. अण्णा गेले त्या वर्षी आमचा टांगा तांबोळ्याला विकला, त्यानंतर हा वास मी घेतलाच नव्हता. मी तोंड दुसरीकडे केलं. मनूला वाटलं मला गाडी लागली, तिनं लिंबाची गोळी दिली.

घोडे नोनियस जातीचे. तिकडे फ्रान्सच्या नॉर्मंडीत जन्मलेला नोनियस नावाचा एकच घोडा, तो १८१६ मध्ये मेझोहेज्येशच्या सरकारी पागेत आला आणि त्याच्यापासून ही अख्खी जात उभी राहिली. पागा १७८४ ची. हे वाटाड्या मुलीनं सांगितलं. मी मात्र खूर बघत होते. स्वच्छ, नीट कापलेले. आयाळ विंचरलेली. पोटाखाली पट्ट्यानं घासल्याची खूण कुठे नाही. जनावराला जपणारा माणूस जनावराच्या अंगावर दिसतो, हे अण्णांचं वाक्य. ते तोंडात आलं होतं, पण कुणाला सांगणार.

खेळ सुरू झाला. या घोडेस्वार राखोळ्यांना चिकोश म्हणतात. चिको म्हणजे शिंगरू, त्यावरून. घेरदार लेंगे, सैल बाह्यांचे सदरे, डोक्याला टोपी. मी पहिली गोष्ट पाहिली ती खोगीर. त्याला तंग नाही! नुसतं पाठीवर टाकलेलं, रिकिबी लोंबतायत, पोटाखालून काहीच आवळलेलं नाही. भरधाव घोड्यावर, तंग नसलेल्या खोगिरावर माणूस बसतो म्हणजे तो खोगिरावर बसतच नाही, घोड्यावर बसतो. मी मनूचं मनगट धरून सांगितलं, "बघ बघ, तंग नाहीये." ती म्हणाली, "हो का? टाईट नाहीये?" तिला तंग कुठून माहीत असणार. तिचा जन्म टांगा गेल्यानंतरचा.

मग त्यांनी घोड्यांना खाली बसवलं. कुत्रा बसतो तसं, पुढचे पाय ताठ. मग आडवं पाडलं. पाडलं म्हणजे नुसती मान थोपटली आणि ते एवढं धूड मातीत कलंडलं. या माळावर लपायला झाड नाही, टेकडी नाही. शत्रू आला, चोर आला की घोड्यासकट गवतात झोपायचं. त्यासाठी शिकवलेलं. एक चिकोश आडव्या घोड्याच्या पोटावर उभा राहिला आणि त्याच्या डोक्यावर त्यानं चाबूक वाजवला. आखूड दांडा, पण चामड्याची वेणी वावभर नव्हे, कितीतरी लांब. आवाज बंदुकीसारखा. टोक आवाजाच्या वेगापेक्षा जोरात पळतं म्हणून तो कडाका उठतो, कुणाला मारावं लागत नाही. घोडा हलला नाही. मी त्याच्या कानाकडे बघत होते. फक्त वरचा कान आवाजाकडे वळला आणि परत जागेवर आला. कातडीही थरथरली नाही. आमच्या टांग्याच्या घोड्याला, लाल्याला, एकदा ट्रकचा भोंगा ऐकून स्टेशनच्या चौकात उधळलेला मी पाहिलाय, म्हणून सांगते. त्या एका कानामागे किती महिने गेले असतील!

नंतर पाच घोडे. तीन पुढे, दोन मागे, मागच्या दोघांच्या पुठ्ठ्यांवर एक-एक पाय ठेवून माणूस उभा, हातात पाचही लगाम, आणि दौड. ही कसरत म्हणे आधी चित्रात होती. लुडविग कोख नावाच्या ऑस्ट्रियन चित्रकारानं ती मनानं काढली आणि चिकोशांनी नंतर ती करून दाखवली. माझ्या डोळ्यांना धार लागली. धूळ गेली असं मनूला सांगितलं. अण्णा असते तर त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या. जाऊ दे.

आणि मग ते.

खांबावर बाटली ठेवली, चिकोशानं चाबकाच्या टोकानं ती पाडली. प्रेक्षकांना बोलावलं. एक जर्मन आजोबा गेले, दोन मुलं गेली. जमेना कुणाला. मग तो कुंपणाच्या कडेनं चालत आला, माझ्यापुढे थांबला आणि दांडा माझ्याकडे करून धरला. दांड्यावर पितळेची बारीक नक्षी होती, हाताच्या घामानं काळवंडलेली. मी ती इतक्या जवळून पाहिली की आता डोळे मिटले तरी दिसते. "नेम, नेम," मनू म्हणाली, आणि खांद्यावर हात ठेवून त्याला दाखवलं. तो हसला, पुढे गेला.

मी क्योस्योन्योम म्हणाले. आभार. या भाषेतला मला येणारा एकच शब्द.

जेवायला लांब बाकांवर बसवलं. मोठ्या कढईतून वाढलेलं गुयाश. गुयाश म्हणजे खरं तर गुरं राखणारा, त्याचंच नाव त्याच्या जेवणाला. त्यात गाईचं असतं म्हणून मनूनं आधीच सांगून माझ्यासाठी कोंबडीचं पाप्रिकाश मागवलं होतं, सोबत नोकेद्ली, म्हणजे वरणफळांच्याही बारीक कण्या म्हणाव्यात तशा. रश्शाचा रंग बघून मी दचकले, आपल्या कटाचा रंग. चव मात्र गोडसर, तिखट नाहीच. मिरची दोघांकडेही परकीच. आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली, यांच्याकडे तुर्कांच्या वाटेनं आली. जुनं नावच 'तुर्की मिरी' होतं. सेगेदच्या सेंत-ज्योर्जींना क जीवनसत्त्वावरच्या कामासाठी १९३७ चं नोबेल मिळालं, ते जीवनसत्त्व त्यांनी भरपूर काढलं ते याच मिरचीतून. मनूनं हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा किती खुलला होता. माझी पोर. व्हायोलिन वाजत होतं, संतुरासारखं एक वाद्य काड्यांनी वाजवत होते. शेवटी रेतेश, आंबट चेरीचं. सगळं छान होतं आणि मी मनातल्या मनात त्या दांड्याजवळ उभी होते.

हेच मला कळत नाही. पालिंका तिनं नाकारली, मला बरं वाटलं. गाईचं नको सांगितलं, मला बरं वाटलं. महिनाभर तीच सगळीकडे माझ्या वतीनं बोलते. डॉक्टरकडे, विमानतळावर, भाजीवाल्याकडे. मला भाषा येत नाही, ती बोलली नाही तर मी उपाशी राहीन. मग या एकाच ठिकाणी का लागावं?

अण्णांनी मला लगाम दिला होता. अकराची असेन. भाडी संपली की मिरज स्टेशनहून कृष्णेच्या घाटावर लाल्याला पाण्यावर न्यायचा, तेव्हा रिकामा टांगा मी हाकायची. चाबूक मात्र त्यांच्या हातात. ते तो घोड्याला लावत नसत. दांडा चाकाच्या आऱ्यांत धरायचे, टर्रर्र आवाज व्हायचा, रस्त्यातली माणसं बाजूला व्हायची. मला तो आवाज करायचा होता, बाकी काही नको होतं. रोज मागायची. "तुला नको, लगाम धर." रोज तेच. पुढच्या वर्षी धाकट्या भावाला, दादाला दिला. दादा नऊ वर्षांचा. असो, आता दादाही नाही.

म्हणजे हा 'नको' आजचा नाही. मनूला त्यातलं काय माहीत? मी कधी सांगितलंच नाही. लिहिता लिहिता हे सुचलं, पण त्यानं बरं वाटत नाहीये. उलट जास्तच एकटं वाटतंय. बासष्ट वर्षांची बाई चाबकासाठी रडते हे कुणाला सांगायचं? मला तो एकदा हातात घ्यायचा होता. वजन बघायचं होतं. वाजला नसता तरी चाललं असतं.

रविवार, संध्याकाळ

मनूनं सकाळी व्हिडिओ दाखवला. चहाच्या वेळी, सहज. पाच घोड्यांचा, मग बाटलीचा. आणि त्याच ओघात तो चिकोश कुंपणाकडे येताना. मी कप खाली ठेवला.

व्हिडिओत तो दांडा पुढे करतो. मी दोन्ही हात मागे घेते. मग एक पाऊल मागे सरकते, शालीचा पदर पुढे ओढते, आणि वळून मनूकडे बघते. मग मनू म्हणते, "नेम, नेम."

मी परत लावायला सांगितलं. परत तेच. आधी माझे हात, मग माझं पाऊल, मग माझं बघणं, मग तिचा शब्द. चार वेळा पाहिलं. मनू म्हणाली, "काय शोधतेयस?" काही नाही म्हटलं.

काल रात्री मी जे लिहिलं ते मला तसंच आठवत होतं. खोटं नव्हते लिहीत. 'तोंड उघडायच्या आत' असं लिहिलंय मी. तोंड उघडायला भरपूर वेळ होता.

दुपारभर हेच. आधी वाटलं, ती नाहीच म्हणणार हे ठाऊक होतं म्हणून मी मागे सरकले असेन, म्हणजे दोष फिरून तिच्याकडेच. मग ते मलाच पटेना. ती माझ्याकडे बघत होती, चेहऱ्यावर दिसतंय व्हिडिओत. मी काय म्हणते याची वाट बघत होती. मी वळून बघितलं आणि तिनं माझ्या मनातलं ओळखलं असं तिला वाटलं. मलाही कुणाच्या चेहऱ्यावरून तेच वाचता आलं असतं. हात मागे घेणारी बाई आणखी काय सांगत असते?

अण्णांच्या वेळी मी रोज मागायची तरी. हात पुढे करायची. हे मधल्या कुठल्या वर्षी सुटलं ते सापडत नाही.

संध्याकाळी मनू कांदा चिरत होती तेव्हा तिला लाल्याचं सांगितलं. आऱ्यांतल्या टर्रर्र आवाजाचं सांगितलं. तिनं सुरी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "मग काल बोलली का नाहीस?" मी म्हटलं, अगं, तेव्हा मलाच माहीत नव्हतं. यावर ती काहीच बोलली नाही, फक्त कांद्याचे हात पुसून जवळ येऊन बसली. मी विचारलं, 'हो'ला काय म्हणतात? "इगेन." ग मधला, फार जोर नाही द्यायचा. इगेन. मी दहा-बारा वेळा म्हणून पाहिलं, तिनं दोनदा सुधारलं.

हे खेळ ऑक्टोबरपर्यंत असतात. पुढच्या शनिवारी जागा आहे का ते मनू आता बघतेय. खांद्याला तेल लावून घ्यायचंय, बाटली तिच्या खोलीत राहिली.