तुम्ही विचारलंत म्हणून: वजन का कमी करत नाहीस?

"ब्रेस्ट कॅन्सर परत आला तर? वजन का कमी करत नाहीस गं?" इतक्या जणींनी विचारलंय की एकदाच लिहून टाकते.

माहितीय मला. माझा कॅन्सर इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढणारा, मेनोपॉजनंतर ते मुख्यतः चरबीत बनतं, अरोमाटेज नावाच्या एन्झाइममुळे, आणि मी रोज जी लेट्रोझोलची गोळी गिळते ती त्या एन्झाइमलाच अडवायला. 2014 मध्ये 82 अभ्यास एकत्र करून बघितले होते, ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या 2 लाखांवर बायका, निदानाआधी लठ्ठ असलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका नॉर्मल वजनवाल्यांपेक्षा साधारण 41 टक्के जास्त. पाठ आहे मला तो आकडा. पण आता बारीक झाले की वाचेन, असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही.

आणि डोसबद्दल मात्र कोणीच विचारत नाही. पहिल्या केमोला वजन भरलं 98. उंची-वजनावरून शरीराचं क्षेत्रफळ काढतात आणि त्यावर औषध, माझं आलं 2.12 चौरस मीटर. तिथले ज्युनियर डॉक्टर म्हणाले, "2 च धरू, वजन जास्त आहे, झेपायचं नाही." मी काय केलं? थँक्यू म्हणाले! उलट्या कमी होतील असं वाटलं, आणि काट्यावरून मान खाली घालून उतरलेल्या बाईला "झेपायचं नाही" म्हटलं की पटतंच. दोन वर्षांनी वाचलं की माझ्या केमोच्या कितीतरी आधी, 2012 मध्येच, अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजीने सांगितलं होतं, लठ्ठ पेशंटलाही खऱ्या वजनाप्रमाणे पूर्ण डोस द्या, त्याने त्रास जास्त होतो असा पुरावा नाही, उलट कमी दिला तर उपचारच कमी पडू शकतो. म्हणजे जाड बायकांचे ते वाईट आकडे, त्यातले किती चरबीमुळे आणि किती अशा "2 च धरू" मुळे?

बरं, माझ्या डोसातले गेले सहाएक टक्के. एवढ्याने काय होतंय, असं मीच म्हणते, मग मीच म्हणते की एवढ्याने काही होत नव्हतं तर कापले कशाला. आणि तू का नाही विचारलंस? तेव्हा विचारायची अक्कल नव्हती, घाबरले होते. हे उत्तर मला स्वतःलाच पुरत नाही.

स्टिरॉइड आणि थकव्याने वर 7 किलो चढले. चालते रोज. डाएट दोनदा सोडलं, एकदा आजारपणाने, एकदा सरळ आळसाने, घ्या.

परवा फॉलोअप आहे, परत काट्यावर उभी राहीन. आकडा विचारू नका.