केनियाच्या खुर्चीत बसण्याआधीचं वाचन

आमच्या कॉलेजच्या मॉडेल युनायटेड नेशन्समध्ये, म्हणजे विद्यार्थी एकेका देशाचे प्रतिनिधी होऊन भरवतात त्या नकली संयुक्त राष्ट्रांत, माझ्या वाट्याला केनिया आला. समिती आमसभेची, विषय युक्रेनचा. केनिया मराठी पेपरांत भेटतो तो मॅरेथॉनच्या निकालात, नाहीतर मसाई माराच्या सहलींच्या जाहिरातीत. पहिल्यांदा भाग घेणाऱ्यांना मी आता आवर्जून सांगते, असाच देश मागून घ्या. अमेरिका किंवा फ्रान्स मिळाला की ऐकीव मतांवर वेळ मारून नेता येते. केनियाबद्दल ऐकीव असं काहीच नसतं, म्हणून मूळ कागदच उघडावे लागतात.

राज्यशास्त्राच्या मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं, "देश काय बोलतो ते नंतर वाच गं. आधी त्याने मत कुठे टाकलं ते बघ."

संयुक्त राष्ट्रांची डिजिटल लायब्ररी सगळ्यांना खुली आणि फुकट आहे. तिच्यात मतदानाच्या नोंदींचा वेगळा विभाग आहे. ठरावाचा क्रमांक टाकला की प्रत्येक देशाच्या नावापुढे त्याचं मत दिसतं: बाजूने, विरोधात, तटस्थ. नावापुढे काहीच नसेल तर त्या देशाने मतदानात भाग घेतलेला नाही. ही कोरी जागा दुर्लक्ष करण्यासारखी नसते. २ मार्च २०२२ च्या ठरावात रशियाने युक्रेनमधून फौजा मागे घ्याव्यात अशी मागणी होती. १४१ देश बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ. ही बेरीज १८१ होते आणि सदस्य आहेत १९३. उरलेल्या १२ देशांपैकी आठ आफ्रिकेतले, त्यांत केनियाचा शेजारी इथिओपियाही. एरिट्रियाने विरोधात मत दिलं, आफ्रिकेतले १७ देश तटस्थ राहिले आणि २८ बाजूने, ज्यांत केनिया होता. "आफ्रिकेची भूमिका" असं एका दमात म्हणणाऱ्या कुणाहीपुढे ही यादी ठेवावी.

आफ्रिकन युनियनबाबतही तेच. २४ फेब्रुवारी २०२२ ला युनियनचे तेव्हाचे अध्यक्ष, सेनेगलचे राष्ट्राध्यक्ष मॅकी साल आणि आयोगाचे प्रमुख मूसा फाकी यांनी निवेदन काढून रशियाला युक्रेनच्या सार्वभौमत्वाचा आदर करायला सांगितलं. आणि आठवड्याभरात आमसभेत सेनेगल तटस्थ राहिला! संघटनेचं निवेदन आणि सदस्य देशाचं मत हे दोन कागद वेगवेगळे वाचायचे, हे मला इथे पक्कं समजलं.

पुढचा ठराव ७ एप्रिल २०२२ चा, रशियाला मानवी हक्क परिषदेतून निलंबित करण्याचा. इथे केनिया तटस्थ. महिन्याभरापूर्वी बाजूने असलेला देश आता मधे का उभा राहिला? माझा सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नाने घेतला आणि सगळ्यात जास्त शिकवलंही यानेच. उत्तराकडे जाण्याआधी तटस्थ मताचं वजन समजून घ्यावं लागतं. असा ठराव मंजूर व्हायला हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लागतात आणि तटस्थ देश त्या मोजणीत धरलेच जात नाहीत. बाजूने ९३, विरोधात २४, म्हणजे मोजलेली मतं ११७ आणि गरज ७८ ची. ५८ देश तटस्थ राहूनही ठराव आरामात मंजूर झाला. विरोधात मत द्यायचं नाही, पण पाठिंबाही द्यायचा नाही, अशा देशाला ही वाट मोकळी असते. तटस्थ राहिलेल्यांपैकी बऱ्याच देशांचा सूर असा होता की, परिषदेनेच ४ मार्चला चौकशी आयोग नेमला आहे, तर आधी चौकशी होऊ द्या. भारतानेही प्रक्रियेचाच मुद्दा मांडला होता.

कारणं शोधायला भाषणं वाचावी लागतात, आणि त्यासाठी कागदांवरची चिन्हं ओळखता यायला हवीत. सुरुवातीला 'ए' असेल तर कागद आमसभेचा, 'एस' असेल तर सुरक्षा परिषदेचा, 'आरईएस' म्हणजे ठराव, 'पीव्ही' म्हणजे बैठकीचा शब्दशः वृत्तान्त. एवढं कळलं की तो अफाट साठा वाचण्याजोगा होतो. मी एस/पीव्ही.८९७० उघडला. २१ फेब्रुवारी २०२२ च्या रात्रीची ती सुरक्षा परिषदेची बैठक. तिथे केनियाचे राजदूत मार्टिन किमानी यांनी केलेलं भाषण जगभर फिरलं. ते प्रत्यक्ष आक्रमणाच्या आधीचं आहे, रशियाने पूर्व युक्रेनमधल्या दोनेत्स्क आणि लुहान्स्क या फुटीर भागांना स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली त्या दिवशीचं, ही गोष्ट क्लिप पाहून कळत नाही. आफ्रिकेच्या सीमा वसाहतवाद्यांनी आखल्या. वंश किंवा धर्म पाहून त्या बदलत बसलो असतो तर आजही आम्ही लढतच असतो. म्हणून आहेत त्या सीमा पत्करून आम्ही पुढे पाहायचं ठरवलं, असं त्यांचं म्हणणं. मी पाहिलेल्या क्लिपमध्ये नसलेला एक भाग मात्र वृत्तान्तात आहे: सुरक्षा परिषदेच्या सदस्यांसह बलाढ्य देशांनी आंतरराष्ट्रीय कायदा मोडण्याची जी सवय लावून घेतली आहे, तिचाही त्यांनी त्याच भाषणात निषेध केला. केनियाला सरसकट पाश्चात्त्यांच्या गोटात बसवणाऱ्यांनी हा परिच्छेद जरूर वाचावा.

सीमांचा हा आग्रह आला कुठून, हे संयुक्त राष्ट्रांच्या कागदांत सापडत नाही. त्यासाठी इतिहासाकडे वळले. केनियाच्या ईशान्य भागात सोमाली लोक मोठ्या संख्येने राहतात. स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी, १९६३ मध्ये, तो भाग सोमालियाला जोडण्यासाठी बंड उभं राहिलं आणि १९६७ पर्यंत चाललं. मधेच, १९६४ मध्ये, आफ्रिकी देशांनी कैरोला ठराव केला की स्वातंत्र्याच्या वेळी होत्या त्याच सीमा मानायच्या. सोमालियाने तो नाकारला. पलीकडचे आमच्या रक्ताचे, म्हणून ती जमीन आमची, हा युक्तिवाद केनियाने स्वतःच्या घरात भोगलेला आहे. किमानींचं भाषण हे वाचल्यावर मला खरं उमगलं. मतांची यादी पाठ करून थांबणाऱ्यांना हेच कधी मिळत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

केनियाचं परराष्ट्र धोरण २०१४ मध्ये पुस्तिकारूपाने निघालं. त्यात अर्थकारण, शांतता, पर्यावरण, संस्कृती आणि परदेशस्थ नागरिक असे पाच आधार सांगितले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचं मुख्यालय नैरोबीतच असल्यामुळे तिसरा आधार कागदापुरता नाही. बाकी पुस्तिका मी चाळली एवढंच. अशा दस्तऐवजांत सगळेच देश भले वाटतात.

समाजमाध्यमांवरून देशाची भूमिका उचलू नये, याचं केनियाइतकं चांगलं उदाहरण नसेल. विल्यम रुटो १३ सप्टेंबर २०२२ ला राष्ट्राध्यक्ष झाले. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या ट्विटर खात्यावरून जाहीर झालं की, पश्चिम सहारा या मोरोक्कोशी वाद असलेल्या प्रदेशातल्या साहरावी प्रजासत्ताकाची मान्यता केनियाने काढून घेतली आहे. थोड्याच वेळात ते ट्वीट पुसलं गेलं, आणि दोन दिवसांनी परराष्ट्र मंत्रालयाने, आपण संयुक्त राष्ट्रं आणि आफ्रिकन युनियनच्या भूमिकेसोबतच आहोत, असं कळवलं; म्हणजे ट्वीटमधली घोषणा मंत्रालयाने उचलून धरली नाही. ट्वीट हा माग काढायला उपयोगी धागा आहे. पोझिशन पेपरमध्ये, म्हणजे आपल्या देशाची भूमिका मांडणाऱ्या लेखी टिपणात, मात्र मंत्रालयाचं निवेदन जातं, तेही तारखेसकट.

आपल्याला आणखी एक तुलना जवळची आहे. २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षी भारत आणि केनिया सुरक्षा परिषदेचे अस्थायी सदस्य होते. २५ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवरच्या आक्रमणाबाबतच्या ज्या ठरावावर रशियाने नकाराधिकार वापरला, त्यावर भारत, चीन आणि संयुक्त अरब अमिराती तटस्थ राहिले, आणि केनियाने गॅबन व घानासोबत बाजूने मत दिलं. सगळे विकसनशील देश आपल्यासारखाच विचार करतात, असं गृहीत धरून केनियाच्या खुर्चीत बसता येत नाही.

समितीत मला अपेक्षित तोच प्रश्न आला. पोलंडच्या प्रतिनिधीने विचारलं, "मार्चमध्ये बाजूने आणि एप्रिलमध्ये तटस्थ, हे कसं?" मी म्हणाले, पहिल्या ठरावात प्रश्न सीमेचा होता आणि सीमेवर केनिया १९६४ पासून हललेला नाही, दुसऱ्यात प्रश्न एका सदस्याला संस्थेतून दूर करण्याचा होता, तोही चौकशी व्हायच्या आत. मग मी धान्याकडे वळले. केनिया बहुतांश गहू बाहेरून आणतो आणि त्यात रशिया व युक्रेन दोघांचाही मोठा वाटा असतो. जुलै २०२३ मध्ये रशिया युक्रेनचं धान्य जहाजांनी बाहेर जाऊ देणाऱ्या काळ्या समुद्रातल्या धान्यकरारातून बाहेर पडला, तेव्हा केनियाच्या परराष्ट्र सचिवांनी उघड आणि कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली होती. ते निवेदन माझ्या फाइलमध्ये तारखेसह होतं. त्याच्या आधारावर इजिप्तच्या प्रतिनिधीला सोबत घेऊन धान्याची जहाजं अडवू नयेत असं कलम आम्ही समितीच्या ठरावाच्या मसुद्यात घातलं, आणि ते शेवटपर्यंत टिकलं.