आमची वाटचाल : मोठ्या कणसाकडून चांगल्या झाडाकडे

मुक्त परागीभवनाचे (वाऱ्याने आपोआप फळणारे) मक्याचे वाण चक्रामागून चक्र (एक चक्र म्हणजे निवड आणि पुन्हा पेरणीची एक फेरी) सुधारत नेणे, हे आमच्या छोट्या बियाणे व्यवसायाचे मुख्य काम. सुरुवात सर्वात सोप्या रीतीने झाली: शेतातली मोठी कणसे वेचायची, दाणे एकत्र करून पुन्हा पेरायचे. उत्पादनासाठी ही रीत फारशी फळत नाही. मोठे कणीस पुष्कळदा झाडाच्या गुणाने आलेले नसते, जागेने दिलेले असते. शेजारी नांगी (झाड नसलेली रिकामी जागा) पडलेली असते, बांधाकडे उजेड जास्त असतो, कुठे खत जरा जास्त पडलेले असते.

म्हणून दुसऱ्या टप्प्यात शेताचे चौकोन पाडले. 75 × 20 सें.मी. अंतरावर 8 ओळी, प्रत्येकीत 10 झाडे, असा 12 चौ.मी.चा एक चौकोन. असे 50 चौकोन म्हणजे 4000 झाडे. प्रत्येक चौकोनातून 4 झाडे घ्यायची, म्हणजे 200 कणसे. तुलना फक्त चौकोनातल्या चौकोनात, त्यामुळे जमिनीचा चढउतार निवडीत शिरत नाही. एका जागी दोन दाणे टोकून विरळणी करतो. नांगीशेजारचे आणि कडेचे झाड कितीही भरलेले असले तरी घेत नाही.

कणसे ओलाव्याचा हिशेब करूनच तोलावीत. 25 टक्के ओलाव्याचे 200 ग्रॅमचे कणीस 15 टक्क्यांवर आणले की सुमारे 176 ग्रॅम भरते. 18 टक्क्यांचे 190 ग्रॅमचे मात्र 183. हा हिशेब टाळला तर दर चक्रात उशिरा पिकणारी झाडे निवडली जातात आणि वाणाचा पिकण्याचा काळ न कळत लांबतो. उंचीचेही तसेच, लक्ष ठेवले नाही तर झाडे उंच होत जातात. म्हणून केसर (कणसाच्या टोकाचे रेशमी धागे) निघण्याचे दिवस आणि कणीस झाडावर किती उंच लागते यांना आधीच मर्यादा घालून घेतो. तुरा (शेंड्यावरचा नर फुलोरा) आणि केसर निघण्यातले दिवसांचे अंतर वाढलेले झाड पाण्याच्या ताणात दाणे भरत नाही, तेही वगळतो. मेक्सिकोत तुक्स्पेन्यो नावाच्या मक्यावर 15 चक्रे केवळ बुटकेपणासाठी निवड झाली. झाडे लोळायची थांबली, दाट पेरणी सोसू लागली आणि उत्पादनही वाढले.

या पद्धतीत एक उणीव उरते: आई निवडलेली असते, बाप वाऱ्यावर. परागकण कुठल्याही झाडाचे येतात, म्हणून प्रगती निम्मीच होते. यावर आम्ही कणीस-ओळ पद्धत धरली. 200 कणसांच्या 200 ओळी, म्हणजे एका कणसाचे दाणे एका ओळीत, प्रत्येकी 25 झाडे. या मादी ओळींचे तुरे परागकण सुटण्याआधीच काढायचे, रोज सकाळी फेरी मारून. दर 4 मादी ओळींमागे सर्व कणसांच्या मिश्र बियाण्याच्या 2 नर ओळी. त्याच 200 कुटुंबांची (एका कणसाची संतती म्हणजे एक कुटुंब) चाचणी आणखी दोन-तीन ठिकाणी लावायची. सरासरीने वरची 40 कुटुंबे निवडायची आणि त्यांच्या मादी ओळींतून प्रत्येकी 5 झाडे घ्यायची, की पुन्हा 200 कणसे. नर ओळींतली रोगट, लोळलेली झाडे तुरा फुटण्याआधी उपटली तर बापाकडूनही थोडा फायदा मिळतो. दुसऱ्या मक्यापासून अंतर 400 मीटर, किंवा फुलोऱ्यात महिन्याचा फरक.

पाच-दहा उत्तम कणसांवरच पुढचे चक्र चालवण्याचा मोह टाळावा. जवळच्या नात्यातले संकर वाढतात, दोन-तीन चक्रांत जोम खचतो आणि निवडायला फरकच उरत नाही. पाया रुंद असला तर वाव किती टिकतो, हे इलिनॉयच्या प्रयोगाने दाखवले: 1896 मध्ये 163 कणसांपासून तेल आणि प्रथिनांसाठी सुरू झालेली निवड शंभर पिढ्यांनंतरही पुढे सरकत राहिली.

दर तीन चक्रांनी मूळ बियाणे आणि नवे चक्र शेजारी पेरून पाहतो. इथे फसगत सहज होते: साठवलेल्या जुन्या बियाण्याची उगवण आणि जोम कमी झालेला असतो, त्यामुळे नवे चक्र आहे त्याहून चांगले दिसते. म्हणून आधी एका हंगामात दोन्ही बियाणी एकाच शेतात, हाताने परागीभवन करून ताजी करतो, दोन्ही 12 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवतो आणि मगच तुलनेची चाचणी लावतो.